चर्चमागचा चाफा



आपल्या वसईत थंडी ती कितीशी! तरी नाताळ सरून उत्तरेचा वारा सुटला की चर्चमागची बाग वेगळी दिसू लागते. इथे बदली होऊन आलो, त्या पहिल्याच जानेवारीत मी तिथला पांढरा चाफा तोडायला सांगणार होतो. पान नाही, फूल नाही. नुसत्या बोटांसारख्या जाड फांद्या. बागेची देखभाल करणारे काका म्हणाले, "फादर, जरा नख लावून बघा." नख लावले, तर पांढराशुभ्र चीक आला. झाड जिवंत होते!

तेव्हापासून हिवाळ्यात मी बागेत मुद्दाम फेरी मारतो. पानांनी भरलेल्या चाफ्याचा आकार कधी नीट दिसत नाही. आता फांदी कुठे वळली, कुठे दुभंगली ते दिसते. गळलेल्या प्रत्येक पानाची खूण सालीवर असते. कडेला शेवंती फुललेली असते. तिला कळी धरायला लांब रात्री लागतात. शेतात रात्री दिवे लावले, तर ती फुलणे लांबणीवर टाकते. अंधारही तिच्या कामी येतो.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. तो सांगतो की, नसणे वेगळे आणि उणीव वेगळी. तान्ह्या बाळाला दात नसतात, म्हणून आपण हळहळत नाही. दात असण्याची वेळ येऊनही ते नसतील, तरच ती उणीव. जानेवारीतला चाफा उघडा आहे, उणा नाही.

हा भेद परीक्षेत लिहिला. माणसांच्या बाबतीत मात्र विसरलो. माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात पत्नीच्या निधनानंतर एक गृहस्थ मिस्साला येईनासे झाले. वर्ष गेले. 'यांची श्रद्धा आटली,' असे मी मनाशी ठरवून मोकळा झालो. फार उशिरा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कळले की, ते रोज संध्याकाळी तिचीच जपमाळ हाती घेऊन एकटे प्रार्थना करतात. चर्चमधली तिची रिकामी जागा त्यांना बघवत नव्हती, एवढेच. अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागणाऱ्या माळ्याचा दाखला मी कितीदा वेदीवरून समजावला होता! कुऱ्हाड माझ्याच हाती होती.

इथे एक गोष्ट जपून सांगायला हवी. पत्नीचे जाणे ही खरीच उणीव होती. 'हाही एक ऋतू आहे, जाईल,' अशी समजूत घालणे निर्दयपणाचे झाले असते. पण त्यांचे गप्प राहणे ही उणीव नव्हती. हा फरक रस्त्यावरून जाताना दिसत नाही. त्यासाठी अंगणात पाऊल टाकावे लागते.

तुमच्याही घरात कुणी अबोल झाले असेल, कुणाचे हात आता कामाला लागत नसतील. त्यांच्याविषयी काही ठरवण्याआधी त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. आणि आज मिस्सा झाल्यावर बागेत चक्कर टाका. चाफा अजून उघडाच आहे. बघण्यासारखा आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू