न मागता द्यावे असे काय?

मागितलेले द्यावे हे सर्वांना मान्य असते. न मागितलेले द्यावे की नाही, याविषयी मात्र विचारवंतांत पूर्वीपासून मतभेद आहेत. आपल्या काळात हा प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी, संगणकाच्या कार्यप्रणालीच्या घडणीत, पुन्हा उभा राहिला आहे. संगणकाचा सारा व्यवहार चालविणारी मूळ यंत्रणा म्हणजे कार्यप्रणाली. तिच्याबरोबर कोणती पॅकेजे सर्वांना सरसकट बसवून द्यावीत आणि कोणती ज्याच्या त्याच्या मागणीवर सोडावीत, हे कोणाला तरी आधी ठरवावे लागते. हे काम वरवर तांत्रिक दिसते. वस्तुतः तो एक न्यायनिवाडा आहे.

या चेन्नई शहरातच त्याचे दोन निकाल लागले. सी-डॅकच्या येथील केंद्रातून २००७ साली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली बाहेर पडली. ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीच्या पायावर ती उभारलेली असून भारतीय भाषांत लिहिण्यावाचण्याची साधने तिच्या मूळ संचातच घातलेली होती. पुढे जानेवारी २०२३ मध्ये, आयआयटी मद्रासच्या आश्रयाने वाढलेल्या एका कंपनीची ‘भारओएस’ ही मोबाइलसाठीची प्रणाली जाहीर झाली. तिचे ब्रीद नेमके उलट होते: आधीपासून बसविलेले एकही अ‍ॅप नको, ज्याने त्याने आपल्याला हवे ते निवडावे.

या दुसऱ्या निकालामागे सबळ कारण आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनविणाऱ्यांना अ‍ॅपांचा संपूर्ण जुडगा आधीच बसवावयास लावणे अन्यायाचे आहे, असे आयोगाने ठरविले. न मागता देणे हा पुष्कळदा कब्जा करण्याचाच एक प्रकार असतो. शिवाय प्रत्येक पॅकेज जागा अडविते, त्याची डागडुजी करावी लागते, आणि त्यातील एखादी फट चोरट्याला वाट करून देते.

तरीही रिकामे घर हे कोणाचे स्वातंत्र्य, असे विचारावेसे वाटते. ज्याला बाजार ठाऊक आहे, त्याचे. डेबियनच्या नियमावलीत पॅकेजांना अग्रक्रम देताना एक मार्मिक कसोटी सांगितली आहे: जे न दिसल्यास अनुभवी माणूस चकित होऊन ‘अरे, हे कुठे गेले?’ म्हणेल, ते महत्त्वाचे. कसोटी व्यवहारी आहे. पण ती विचारते जाणत्याला, आणि जाणत्याला तर मूळ संचाची गरज सर्वांत कमी. राहिलेली उणीव तो घटकाभरात भरून काढतो. नवख्याला मात्र जे मिळाले तेच सर्वस्व वाटते.

परप्रांती बदलून आलेल्यांना हे निराळे सांगावयास नको. भाजी, दूध, रिक्षा सारे येथे मिळते. परंतु ‘एव्वळवु’ म्हणजे ‘किती’ हा शब्द आधी कोणीतरी द्यावा लागतो. तो विकत मागण्यासाठी तोच हाताशी असावा लागतो. माझ्या मते हीच खरी कसोटी आहे: ज्याच्यावाचून उरलेले मागताच येत नाही, ते न मागता द्यावे.

ही कसोटी लावून पाहावी. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली दृष्टिहीनाला ती बसविण्यापूर्वीच हवी असते. २०१३ मध्ये आलेल्या डेबियनच्या सातव्या आवृत्तीत प्रणाली बसवितानाच वाचेची सोय झाली, ती म्हणूनच योग्य. केवळ मराठी वाचणाऱ्याला देवनागरी मिळविण्याची वाट इंग्रजी सूचनांतून काढावयास लावू नये. ती आरंभापासून असावी. मोडीचे मात्र तसे नाही. २०१४ साली ती युनिकोडमध्ये आली, आणि तंजावरचे मोडी कागद वाचणाऱ्यांना ती हवीच. परंतु ते ती देवनागरीतून मागू शकतात. खेळ, गाणी, पत्रव्यवहार यांचेही तसेच.

अशाने बहुतेकांच्या पदरी कधी न लागणाऱ्या वस्तू पडतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणून दुसरा नियम पहिल्याला जोडला पाहिजे: न मागता दिलेले परत करण्याची मुभा हवी. ज्याला नको त्याने काढून टाकावे, आणि ते काढणे सोपे असावे. दान आणि कब्जा यांतील भेद येथेच कळतो.

कचेरीत अर्ज आला नाही म्हणजे गरज नाही, असे मानण्याची आपल्याला सवय असते. यादी करणाऱ्याने ती सवय सोडावी. ज्याला अर्ज लिहिताच येत नाही, त्याची गरज आवकवहीत कधीही नोंदली जाणार नाही. ती यादी करणाऱ्यानेच आधी ओळखावयाची असते.