दार कुणावर बंद होतं?

जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ हा १९५६चा वेस्टर्न. तो पाहिलेल्यांशी बोललं की तीन मतं ऐकू येतात. एक, हा आजवरचा सर्वोत्तम वेस्टर्न. दोन, हा वंशद्वेष्टा सिनेमा, बघूच नये. तीन, काळच तसा होता, सोडून द्या.

गोष्ट १८६८च्या टेक्ससमध्ये सुरू होते. कोमांची टोळी इथन एडवर्ड्सच्या भावाचं घर जाळते आणि लहानग्या डेबीला पळवून नेते. इथन, म्हणजे जॉन वेन, तिला वर्षानुवर्षं शोधत राहतो. हळूहळू आपल्या लक्षात येतं की त्याला तिला सोडवायचं नाहीये. ती आता कोमांचींमध्ये वाढली आहे, म्हणून त्याला तिला मारायचं आहे.

‘काळ तसा होता’ हे मला सगळ्यात आळशी मत वाटतं. आधी १९५०मध्येच ‘ब्रोकन अ‍ॅरो’ने अपाचे लोकांकडे माणूस म्हणून पाहिलं होतं. म्हणजे त्याच काळात, त्याच हॉलिवूडमध्ये वेगळा विचार करता येत होता. आणि काळ काय फक्त गोऱ्यांचा होता? सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण मॉन्युमेंट व्हॅलीत, नावाहो लोकांच्या भूमीवर झालं. कोमांचींच्या गर्दीत नावाहो माणसं उभी राहिली, पण त्यांच्या सरदाराची भूमिका मिळाली जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनला.

मग सिनेमा वंशद्वेष्टा आहे का? इथन मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांवर गोळ्या झाडतो, तेव्हा कॅमेरा त्याचं कौतुक करत नाही. त्याचा द्वेष हा आजार आहे, हे सिनेमाला नक्की कळतं. पण त्याच सिनेमात लूक नावाच्या कोमांची बाईला लाथ मारून उतारावरून घरंगळत पाठवलं जातं, आणि आपण हसावं अशी अपेक्षा असते. पुढे घोडदळाने तिला मारल्याचं दिसतं आणि मघाचं हसू घशात अडकतं. निर्दोष सिनेमा हा नव्हेच.

माझ्या मते खरा प्रश्न इथनचा नाही, लॉरीचा आहे. लॉरी ही शेजारची गोड मुलगी. लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात उभी राहून ती सांगते की इथनने डेबीला गोळी घातली तर ते बरोबरच होईल, तिच्या आईलाही तेच हवं असतं. इतकं भयंकर वाक्य, पण लॉरीला कुणी खलनायिका म्हणत नाही.

शेवटी इथन डेबीला मारत नाही, उचलून घरी आणतो. ते घर लॉरीचं. डेबी आत जाते, लॉरीही जाते. इथन उंबऱ्याबाहेर राहतो आणि दार लागतं.

बहुतेकांना हा शेवट इथनची शिक्षा वाटतो. मला तो घराची सोय वाटते. जे मनात सगळ्यांच्याच होतं, ते एकाने उघड केलं. मग त्या एकाला बाहेर ठेवलं की घर स्वच्छ. आपणही प्रेक्षक म्हणून हेच करतो. इथनला वाईट म्हणतो आणि सुटतो. घरच्या ग्रुपवर विषारी फॉरवर्ड पाठवणाऱ्या एका काकांना आपण नावं ठेवतो, पण त्यांच्याखाली मुकाट्याने हसरा इमोजी टाकणाऱ्यांचं काय?

शेवटचा शॉट घराच्या आतून घेतलेला आहे. दार लागतं तेव्हा आपण लॉरीच्या बाजूला असतो.