एक ना धड?

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आमच्या खासबागेत उच्चारली जाते तेव्हा तिला इतर ठिकाणांपेक्षा अधिक धार असते. ही वस्ती विणकरांची. मागावरून उतरलेले लुगडे धड असेल तर त्याला दाम येतो. त्याची चिंधी झाली की ती माग पुसण्यापलीकडे कशाच्या कामाची राहत नाही. एखादा मुलगा आज सुतारकाम, उद्या विजेची जोडणी आणि परवा सायकलदुरुस्ती करू लागला, की घरातील वडीलधारी मंडळी ही म्हण त्याच्या अंगावर टाकतात आणि विषय तेथेच संपतो. आम्हीही ती लहानपणी ऐकली, पुढे इतरांना ऐकवली, आणि सरकारी नोकरीत असताना एकदा, निराळ्या शब्दांत, एका माणसाच्या अर्जावर लिहिली. त्या लिहिण्याचा विचार निवृत्तीनंतर अधिक होऊ लागला आहे. अनेक क्षेत्रांत हात घालणारी बुद्धी खरोखर दोषास पात्र असते काय, हा प्रश्न आम्ही त्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अशा बुद्धीचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी माणसांतच सापडते. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला आणि ७ एप्रिल १९३५ रोजी ते न्यूयॉर्क येथे वारले. या दोन तारखांच्या मधले आयुष्य कोणत्याही एका रकान्यात बसत नाही. मुंबईत असतानाच त्यांनी विज्ञानाची आवड असणाऱ्या मंडळींना एकत्र आणले, स्वतः निरनिराळी यंत्रे जुळवली, लोकल गाडीतील उतारूंना पुढचे स्टेशन दाखविणारे साधन रचले. पीठ, साखर यांसारखा किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली होती. तीत भिसे यांच्या आराखड्याने तिकडच्या स्पर्धकांना मागे टाकले. दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींकडे त्यांची शिफारस केली आणि भिसे विलायतेस गेले. तेथे दिव्यांच्या योगाने जाहिराती दाखविणारी पाटी, स्वयंपाकघरातील उपकरणे, संडासात आपोआप पाणी सोडणारी योजना, टेलिफोनातील सुधारणा असे एकामागून एक चालूच राहिले. ‘हिंदी एडिसन’ ही पदवी त्यांना पुढे चिकटली. आम्हांस ती फारशी आवडत नाही. उसन्या नावाने केलेल्या गौरवात माणूस झाकला जातो.

या सर्व पसाऱ्यात त्यांचे खरे काम एकच, असे मानणारे अनेक आहेत. ते म्हणजे छपाईचे खिळे पाडणारे यंत्र, ‘भिसोटाइप’. आमच्या पिढीतील ज्यांनी छापखाने पाहिले आहेत त्यांना हे सांगावयास नको, पण तरुण वाचकांसाठी सांगतो. शिसे, कथील व अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतून एकेक खिळा पाडावा लागे. रस ओतणे सोपे. तो साच्यात थिजेपर्यंत थांबणे भाग असे, आणि यंत्राचा सारा वेग त्या थांबण्यापाशी अडे. साचा निवविण्याची आणि खिळा बाहेर ढकलण्याची क्रिया कशी जुळवावी, हा प्रश्न मोठमोठ्या कारखान्यांच्या तंत्रज्ञांनाही जड गेलेला होता. भिसे यांचा व्यवसाय ना मुद्रकाचा, ना ओतारीचा. तरी त्यांनी या अडणीवर उपाय काढला आणि त्यांच्या यंत्राचा वेग त्या काळच्या प्रचलित यंत्रांहून पुष्कळ अधिक होता. कॅसलॉनसारख्या जुन्या खिळ्यांच्या कारखान्यातील जाणत्यांनीही त्यांना आव्हान देण्याइतके त्यांचे काम गांभीर्याने घेतले.

पुढे मात्र भांडवलाची कहाणी सुरू होते. समाजवादी पुढारी हाइंडमन यांच्यामार्फत मिळावयाचा पैसा हाती आला नाही. नंतर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीने सर रतन टाटा यांचे साह्य मिळाले. काही वर्षांनी तेही आटले. पहिले महायुद्ध चालू असता भिसे अमेरिकेस गेले, तेथे पुन्हा कंपनी, पुन्हा नवी यंत्रे. जगातील वर्तमानपत्रे मात्र लायनोटाइप आणि मोनोटाइप यांवरच छापली जात राहिली. वृद्धपणी त्यांना पैसा मिळवून दिला तो खिळ्यांनी नव्हे, तर ‘ॲटोमिडीन’ नावाच्या आयोडीनयुक्त औषधाने.

आता म्हणीचा आधार घेणारा म्हणेल : पाहा, झालेच ना एक ना धड? खिळ्यांच्या यंत्रालाच चिकटून बसले असते तर! हा आक्षेप आम्ही बराच काळ खरा मानीत होतो, कारण त्याचे उलट उदाहरण आमच्या बेळगावातच होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, १८६९ चा जन्म. चित्रकार व्हावयास मुंबईस गेले, रंगांधळेपणामुळे ते साधले नाही. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखन शिकवू लागले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे तो नांगर कोणी घेईना, तरी ते हटले नाहीत. आजही किर्लोस्कर रोडवरून जाताना मनात येते, की चिकाटी म्हणावी ती ही.

परंतु हा दाखला नीट तपासला की तो आक्षेपकाच्या बाजूने उभा राहत नाही. चित्रकला, अध्यापन, सायकल, कडबा, नांगर, पुढे पंप, चरक, लोखंडी फर्निचर, यांत एकाच क्षेत्राची निष्ठा कोठे आहे? फरक आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. लक्ष्मणरावांच्या नजरेसमोर बहुतेक वेळा एकच माणूस उभा होता, बैलांमागे चालणारा शेतकरी. त्यांची यंत्रे अनेक, गिऱ्हाईक एक. आणि नगरपालिकेने बेळगावातील कारखान्याची जागा मोकळी करावयास सांगितली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचा माळ आणि कर्ज दिले; १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. भिसे यांना औंध मिळाले नाही. ज्याला एखादी वस्तू पूर्ण करण्याइतका पैसा कोणी देत नाही, त्याला दुसरी वस्तू दाखवूनच पुढच्या वर्षाची भाकर मिळवावी लागते. आमच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागात शेतकरी ज्वारीत तूर, मटकी, अंबाडी मिसळून पेरतो. बागायतदाराला ते रान विस्कळीत दिसते. ज्याचा पाऊस निश्चित नाही, त्याचा तो शहाणपणा असतो.

एकाच गोष्टीला चिकटून राहिल्याने तरी दैव पावते काय? विणकरांच्या वस्तीत राहतो म्हणून जॉन के याचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. दोरी ओढताच धोटा या टोकाहून त्या टोकास जाईल अशी युक्ती त्याने काढली आणि १७३३ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंग्लंडातील कापडवाल्यांनी युक्ती वापरली, मोबदला बुडवला, आणि त्याने दावे लावले तेव्हा खर्च वाटून घेण्यासाठी आपापसांत मंडळ्या स्थापल्या. के फ्रान्सला गेला, आणि अखेर त्याच देशात मेला. त्याची ती दोरी मात्र आमच्या आजोबांच्या मागावर होती. तिला ‘के’ असे नाव आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भिसे यांच्या बाबतीत आमचा आक्षेप उरतो तो एकाच ठिकाणी, औषधाच्या. वाईट यंत्र असेल तर ते थांबते. खिळा वाकडा निघाला तर तो डोळ्यांस दिसतो. औषधाचे तसे नाही. ते चुकले तरी बाटली रिकामी होते, रोगी आपोआपही बरा होतो, आणि श्रेय बाटलीस जाते. यंत्राच्या कामात जो आत्मविश्वास गुण असतो, तोच शरीराच्या बाबतीत धोक्याचा ठरू शकतो. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाण्यास मनाई नसावी, पण तेथील कसोटी अधिक कडक असेल तर ती स्वीकारून जावे, एवढे म्हणण्याचा अधिकार समाजास आहे. आमच्या घरी सर्दीखोकल्यावर नाना काढे चालतात, तेव्हा हे लिहिताना आम्ही अगदी निष्कलंक आहोत असेही नाही.

आता त्या अर्जाविषयी. १९८७ साल असावे. आम्ही ज्या कार्यालयात होतो तेथे लहान कारागिरांस अर्थसाह्य देण्याची एक योजना होती. खासबागेतीलच एक चाळिशीचे गृहस्थ आले. दुसऱ्याच्या मागावर मजुरीने विणणारे, शिक्षण चौथीपर्यंत. कापडी पिशवीतून त्यांनी तीन वस्तू टेबलावर काढल्या. पहिली, सायकलच्या दातेरी चाकाची मोजणी. मागाच्या रुळाला जोडली की ठरलेली लांबी विणून होताच टोला देणारी. दुसरी, विडीची पाने पायाने दाबून कापण्याची चौकट. त्यांची बहीण निपाणीस विड्या वळीत असे आणि कात्रीने तिच्या अंगठ्यास घट्टा पडला होता. तिसरी म्हणजे डालड्याच्या डब्याचा तरंगता तुकडा, दोरी आणि देवघरातली घंटा. नळास रात्री-अपरात्री पाणी येते, ते आले की हंड्यात तुकडा तरंगतो आणि घंटा वाजते.

अर्जात ‘व्यवसाय’ असा एक रकाना होता आणि त्यात एक ओळ मावत असे. आम्ही विचारले, “यातला तुमचा धंदा कुठला?” ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, “जिथं अडतंय तिथं बघतो, साहेब.”

आम्ही हसलो. तुच्छतेने नव्हे, पण हसलो खरे. वस्त्रोद्योग एका शाखेकडे, विडी दुसऱ्या, नळपाणी तिसऱ्याच खात्याकडे. नोकरीतील कन्नडमध्ये आम्ही शेरा लिहिला, त्याचा आशय असा : अर्जदारास निश्चित व्यवसाय नाही, प्रस्ताव परस्परांशी असंबद्ध आहेत, विचार करता येत नाही. नियमाप्रमाणे तो शेरा निर्दोष होता. कोणीही वरिष्ठ त्यावर बोट ठेवू शकला नसता, आणि कोणी ठेवलेही नाही.

आज कळते ते असे, की असंबद्धता त्या तीन वस्तूंत नव्हती, आमच्या कपाटांत होती. वीव्हिंग, विडी, वॉटर सप्लाय हे भेद फायली लावण्यासाठी आम्ही केलेले. त्या माणसास दिसत होते ते एकच : कोणाचा तरी हात, अंगठा किंवा झोप कोठे तरी अडून बसली आहे. भिसे यांनाही किराण्याच्या दुकानातील तागडी आणि ओतशाळेतील साचा यांत कदाचित एकच गोष्ट दिसत असेल, वस्तूची वाट पाहत उभा राहिलेला माणूस. ही अटकळ आमची आहे, त्यांची साक्ष काढता येत नाही. पण ‘क्षेत्र’ ही गोष्ट संशोधकाच्या डोक्यात असते की त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या, याविषयी आम्ही पूर्वीइतके निःशंक राहिलेलो नाही.

वाचकांतील कोणी म्हणेल, की ते साह्य मिळाले असते तरी त्या गृहस्थांनी काय केले असते? ते पैसे चौथ्या एखाद्या वस्तूवर घातले असते. तसेच झाले असते, याची आम्हांसही जवळजवळ खात्री आहे. शिवाय त्यांच्या पान कापण्याच्या चौकटीत एक दोष होता. वाळलेले पान तीत चिरत असे, हे त्यांनीच सांगितले होते. योजनेच्या दृष्टीने कदाचित ते पैसे वायाच गेले असते. मात्र नकार देणे निराळे आणि माणसास ‘व्यवसाय नाही’ असे लिहिणे निराळे. पहिले आमचे काम होते. दुसरे आम्ही विनाकारण केले.

ते गृहस्थ नंतर वारले. फाईल मुदत संपल्यावर नियमानुसार नष्ट झाली असणार. तशा फायली नष्ट करण्याच्या याद्यांवर आम्हीच सह्या करीत असू. लांबी मोजण्याचे ते चाक यंत्रमाग आल्यावर मागे पडले. राहिली ती घंटा. कोणी तो तुकडा थर्मोकोलचा केला, कोणी घंटेऐवजी विजेची बेल लावली, आणि आमच्या गल्लीत ती युक्ती कोणाची हे विचारले तर ‘पूर्वीपासूनच आहे’ असे उत्तर मिळते. परवा पहाटे अडीचच्या सुमारास शेजारी ती वाजली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “पाणी आलं वाटतं.” आम्ही उठलो आणि हंडा नळाखाली लावला.