क्रियापदाचा काळ आणि ‘आता’चे स्थान

इंग्रजी व्याकरणात ‘आय सॉ हिम यस्टरडे’ हे वाक्य शुद्ध ठरते आणि ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हे अशुद्ध. मराठीत मात्र ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे सहज म्हणता येत असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा नियम मनमानी वाटतो, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण दोन्ही इंग्रजी वाक्यांत घटना एकच असून ती कालच घडलेली आहे.

जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात या कोड्याची उकल करताना बोलण्याचा क्षण व घटनेचा क्षण यांच्या जोडीला संदर्भबिंदू, म्हणजे जेथून वक्ता घटनेकडे पाहतो तो काळ, मानला. साध्या भूतकाळात हा बिंदू घटनेपाशी असतो, पूर्ण वर्तमानकाळात तो बोलण्याच्या क्षणीच राहतो. कालवाचक शब्द संदर्भबिंदूला लागत असल्यामुळे ‘आता’वर उभ्या असलेल्या क्रियापदाशी ‘यस्टरडे’ जुळत नाही, आणि भूतकाळापासून आतापर्यंत पोहोचणारा ‘सिन्स’ मात्र जुळतो.

परंतु ज्या ‘आता’वर हा सारा नियम उभा आहे, तो जगात आहे की केवळ बोलणाऱ्याच्या दृष्टीत? केंब्रिजचे मॅकटॅगर्ट यांनी १९०८ मध्ये असे प्रतिपादन केले की, भूत, वर्तमान व भविष्य या बदलत्या श्रेणीवाचून काळ संभवत नाही, पण प्रत्येक घटनेला ही तिन्ही परस्परविरोधी विशेषणे लागू होत असल्यामुळे ती श्रेणी विसंगत आहे, म्हणून काळच असत्य आहे. न्यूझीलंडचे तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर यांनी १९५९ मध्ये मांडलेला मुद्दा याहून अधिक मर्मग्राही आहे: वेदना संपल्यावर माणसाला जो सुटकेचा आनंद होतो, तो ती अमुक तारखेला संपते याचा नसतो, कारण ती तारीख वेदना चालू असतानाही तीच होती, आनंद असतो तो ती ‘आता’ मागे पडल्याचा, आणि हा आशय तारखांच्या भाषेत उतरत नाही.

एवढ्यावरून काळ खरोखर वाहतो असे मात्र सिद्ध होत नाही. ‘आता’ विचारातून वगळता येत नाही, इतकेच ठरते. हे वगळता न येणे इंग्रजी क्रियापदाच्या रूपांमुळे आहे, असेही मानता येणार नाही, कारण चिनी भाषेत काळानुसार क्रियापदाचे रूप बदलत नाही आणि तरीही काल, आज व उद्या यांतला भेद त्या भाषेत पूर्ण स्पष्टपणे सांगता येतो.