ताज्या हिमावरचा हक्क

ज्या वस्तूचे मोल मोजले ती वस्तू आपली झाली, हा व्यवहारातील साधा नियम आहे आणि बाजारात तो बहुतांशी खराही ठरतो. परंतु जी गोष्ट विकत मिळत नाही, पण जिच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र भरपूर मोल द्यावे लागते, तिच्या बाबतीत हा नियम माणसाला कोठे नेतो? यासाठी आम्ही घेत असलेले उदाहरण आमच्या बहुसंख्य वाचकांच्या अनुभवाबाहेरचे आहे. तरीही ते घेतो, कारण हा पेच इतका उघडा इतरत्र क्वचितच दिसतो.

जपानच्या उत्तरेस होक्काइदो बेटावर निसेको नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. हिवाळ्यात सायबेरियातून निघालेले थंड, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि बेटावरील डोंगरांना अडून ते हिमाच्या रूपाने खाली टाकतात. मोसमात दहा मीटरांहून अधिक पडणारे हे हिम इतके कोरडे असते की मूठ वळू गेल्यास गोळा होत नाही. पिठासारखे बोटांतून निसटते. स्नोबोर्ड नावाच्या एका रुंद फळीवर दोन्ही पाय आडवे बांधून उतारावरून घसरत येणाऱ्यांना या हिमाचे वेड असते. (या फळीचा एक पूर्वज 1965 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मिशिगन राज्यात शेर्मन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून तयार केला होता. नाताळची भेट म्हणून ती कल्पना फार दूर गेली!) ताज्या हिमात फळी घासत नाही, तरंगते, आवाजही जवळजवळ नाहीसा होतो.

अशा सहलीची आखणी महिनोन्महिने आधी करावी लागते. रजा, विमानाची तिकिटे, मुक्काम, साहित्य, सारे जानेवारीतील एका आठवड्यावर बेतायचे. ठरवता येत नाही ते फक्त हिम. ते त्या आठवड्याच्या आदल्या रात्री पडून संपेल किंवा परतल्यानंतर पडेल. अमुक नगरास जाऊ, तमुक करू असे बेत करणाऱ्यांना संत याकोबाने आपल्या पत्रात प्रभूच्या इच्छेची आठवण करून दिली आहे. आमच्या घरांतून ‘देवाची इच्छा असेल तर’ हे शब्द इतक्या सवयीने उच्चारले जातात की त्यांतील धार बोथट झाली आहे. हिमाची वाट पाहणाऱ्याला ती नव्याने जाणवत असावी.

इतके असूनही हिम पडते आणि खरा प्रश्न उभा राहतो तो तेव्हाच. ज्या सकाळी हिम सर्वांत सुंदर असते, नेमकी तीच सकाळ बहुधा सर्वांत घातकी असते. नवा थर जुन्या थरावर अजून बसलेला नसतो आणि एका माणसाच्या भाराने सबंध उतार निसटू शकतो. माणसे सापडतात अशी बहुतेक हिमस्खलने त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेली असतात. इयान मॅककॅमन या अमेरिकन अभ्यासकाने आपल्या देशातील सातशेहून अधिक दुर्घटना तपासून 2004 साली जे मांडले ते आम्हांस विचार करण्यासारखे वाटते. यांतील पुष्कळ लोकांना धोक्याचे शिक्षण मिळालेले होते आणि धोक्याची चिन्हेही समोर होती. ज्ञान कमी पडले नव्हते. त्यांच्या निर्णयामागे जी कारणे त्याने शोधली त्यांत दोन आहेत : एकदा ठरवलेले तडीस न्यायचे हा हट्ट, आणि संधी दुर्मिळ आहे, दुसरा कोणी आधी पोहोचेल ही धास्ती. कोऱ्या हिमावर पहिली रेघ आपली असावी, ही इच्छा वरकरणी किती निरागस! पण तिच्या पोटात मत्सर दडलेला असतो, आणि मोजलेल्या पैशाचा हिशेब त्याला कुमक पुरवतो.

यावरून कोणी असा अर्थ काढील की असले सुखच टाकून द्यावे. आम्हांस ते मान्य नाही. 1923 साली संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित करणारे पोप पायस अकरावे स्वतः तरुणपणी कसलेले गिर्यारोहक होते. 7 सप्टेंबर 2025 रोजी ज्यांना संतपद मिळाले ते तुरीनचे पिएर जॉर्जो फ्रासाती आल्प्समध्ये स्की घेऊन जात आणि शहरातील गरिबांच्या दारीही जात. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. सुख निर्मळ आहे. मलिन होतो तो त्याच्यावर सांगितलेला हक्क.

अरण्यात इस्राएली लोकांना मिळालेला मान्ना जमिनीवर दवबर्फासारखा बारीक दिसे, असे निर्गमाच्या पुस्तकात वर्णन आहे. पहाटे उठून तो वेचावा लागे. म्हणजे श्रम होतेच. परंतु श्रमाने तो निर्माण होत नसे, आणि शब्बाथाचा अपवाद सोडता, उद्यासाठी राखून ठेवला तर नासे. कृपेविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण याहून फार वेगळी नाही : तयारी करावी, पण तयारी म्हणजे पात्रता नव्हे.

निसेकोत हा विवेक नियमांत उतरवलेला आहे. सुरक्षित क्षेत्राभोवती दोर बांधलेले असतात आणि बाहेर जाण्यासाठी ठराविक दारे असतात. रोज सकाळी स्थिती पाहून ती उघडायची की नाही हे ठरते. दार बंद असता दोराखालून गेलेल्याचे तिकीट काढून घेतले जाते. कोणी म्हणेल, माझा जीव, माझा धोका. पण गाडल्या गेलेल्या माणसाची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने ओसरते. फावडे घेऊन खणायचे ते सोबत्यांनी, आणि नंतर येणाऱ्या शोधपथकानेही त्याच अस्थिर उतारावर पाय ठेवायचा. ‘माझा’ हा शब्द येथे टिकत नाही.

म्हणून आखणीत एक-दोन दिवस रिकामे ठेवावेत, असे आम्ही सुचवू. दार न उघडल्यास त्या भागातील गरम पाण्याच्या कुंडांत बसण्याची सोय आहे, तीही उपेक्षणीय नाही. दुसरे असे की, सोबत्यांपैकी एकानेही नको म्हटले तर सर्वांनी परतायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. यात अडचण एवढीच की सर्वांत धाकट्याला ‘नको’ म्हणण्याचे धैर्य होत नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठासाठी नियम लिहिताना महत्त्वाच्या प्रसंगी सर्वांना बोलावून सल्ला घेण्यास सांगितले, कारण उत्तम ते देव पुष्कळदा धाकट्यालाच दाखवतो. डोंगराच्या पायथ्याशी पहिला प्रश्न त्यालाच विचारावा आणि त्याचे बोलणे होईपर्यंत वडीलधाऱ्यांनी फळ्या जमिनीवरच ठेवाव्यात.