गादीला वारस हवा, कादंबरीला रहस्य

नागपुरात सदरच्या रेसिडेन्सी रोडवर खरेदीची गर्दी लोटते, पण हे नाव कोणत्या रेसिडेंटवरून पडले याचे कुतूहल फारसे कुणाला नसते. भोसल्यांच्या दरबारावर डोळा ठेवणारा ईस्ट इंडिया कंपनीचा हा प्रतिनिधी. नागपूरच्या गादीचा वारस खरा की खोटा, हे शेवटी त्याच्याच कागदांवरून ठरले. ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहू पाहणाऱ्याला एवढे सूत्र पुरेसे वाटेल. माझी शंका वेगळी आहे. तो बहुधा चुकीच्या रहस्यामागे धावेल.

अशा कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असतो: जुना वाडा, मरणासन्न मालक, पेटीतले पत्र आणि ज्याला नोकराचा पोर समजत होते तोच रक्ताचा वारस. मराठीने हा साचा फार वापरला नाही, हे बरेच झाले. ‘स्वामी’मध्ये (१९६२) माधवराव-रमाबाईंचे प्रेम गादीच्या ओझ्याखाली फुलते. ‘राऊ’त मस्तानीचा प्रश्न रक्ताचा नाहीच, तिला आणि तिच्या मुलाला घर आपले म्हणेल का, हा आहे. मात्र दोन्ही कथा पुण्याच्या. नागपूरकर वाचकालाही शनिवारवाड्याची दालने महाल भागातल्या भोसलेवाड्यापेक्षा जास्त ओळखीची वाटतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

नागपूरच्या घरात रहस्ये काही कमी नव्हती. राजे दुसरे रघूजी १८१६ मध्ये गेले. मुलगा परसोजी दुबळा, कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांच्या हाती. १८१७च्या फेब्रुवारीत परसोजी मृत सापडला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. खून त्यांनीच करवला, असा ठपका पुढे त्यांच्यावर आला. नोव्हेंबरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेबांची गादी गेली आणि कंपनीने दुसऱ्या रघूजींच्या मुलीच्या मुलाला परसोजीच्या विधवेला दत्तक देववून गादीवर बसवले. तेच तिसरे रघूजी. पोर अज्ञान, म्हणून आजी बांकाबाई घर सांभाळू लागल्या आणि राज्य चालवू लागला रेसिडेंट जेन्किन्स.

थोडक्यात, नागपूरचा शेवटचा राजाच मुळी मुलीच्या वंशातून दत्तकाने आलेला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तो पुत्राविना वारला आणि राणी अन्नपूर्णाबाईंनी आप्तांपैकी यशवंतराव अहेर यांना दत्तक घेतले, तेव्हा मात्र गव्हर्नर-जनरल डलहौसीला दत्तक मान्य नव्हता. १८१८ मध्ये सोयीचा ठरलेला विधी ३५ वर्षांत निकामी झाला. राजाने हयातीत दत्तक घेतला नाही, असे रेसिडेंट मॅन्सेलने कळवले होते. पती गेल्यावर त्याच्या घराला मूल देण्याचा विधवेचा अधिकार मराठा घराण्यांत चालत आलेला. कलकत्त्याच्या टिपणात त्याला वजन नव्हते. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले.

म्हणून मला वाटते, इथल्या कादंबरीने रक्ताचा शोध घेऊच नये. परसोजीचा खून वाचकाला खिळवून ठेवील खरा, पण तो पुरुषांचा जुनाच खेळ. त्याहून अवघड प्रसंग सुतकातल्या राणीचा आहे. दत्तकाचा निर्णय तिने नवऱ्यावरच्या मायेने घेतला, की उद्या वाड्यात आपले स्थान काय राहील या भीतीने? दोन्ही एकाच मनात राहू शकतात, आणि ते दाखवायला इतिहासाच्या कागदांपेक्षा कादंबरी जास्त सक्षम आहे. आपल्या घराघरांत वाटण्यांच्या वेळी हेच घडते. फक्त तिथे हत्ती नसतात.

इथे होते. राज्य खालसा झाल्यावर हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन, अशी धमकी म्हाताऱ्या बांकाबाईंनी दिल्याचे इतिहासकार जॉन के याने लिहून ठेवले आहे. तरी सामान हललेच. आणि याच बांकाबाईंनी १८५७ मध्ये नागपूर इंग्रजांविरुद्ध उठू दिले नाही. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. दत्तकाने जानोजी झालेल्या यशवंतरावांना नंतर देऊरचे राजेबहादूर ही पदवी मिळाली. राज्य मिळाले नाही. बांकाबाईंचे ते वागणे पणतवासाठीचा सौदा होता, थकवा होता, की त्यांना कंपनीचे बळ इतरांपेक्षा आधी कळले होते, हे कादंबरीकाराला ठरवावे लागेल. त्याने एकच उत्तर निवडले तर बांकाबाई त्याच्या हातून निसटतील.