'थांबा' म्हणण्याची किंमत

ई-निविदा भरताना लॅपटॉपला लावतो त्या पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये एक गुप्त किल्ली असते. ती टोकनबाहेर जात नाही, या भरवशावर डिजिटल सही उभी आहे. पण ती जात नाही, हे सांगायचं कुणी? विकणाऱ्याचा शब्द पुरेसा नाही, म्हणून त्रयस्थ लागतो. आणि त्रयस्थ म्हणजे नेमका कोण?

ऑक्टोबर २००० मध्ये भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. सहीची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांच्या ऑडिटरसाठी त्याच्या नियमांत अट आहे: त्याने त्या संस्थेला हार्डवेअर-सॉफ्टवेअर पुरवलेलं नसावं, ऑडिटपलीकडे दोघांत आर्थिक किंवा कायदेशीर संबंध नसावा. पुढच्याच महिन्यात युरोपीय आयोगाने सहीची उपकरणं तपासणाऱ्या संस्थांसाठी निकष ठरवले. त्यांत आणखी एक गोष्ट होती: तपासणाऱ्यांचा मोबदला तपासण्यांच्या संख्येवर किंवा निकालावर अवलंबून नसावा.

मला ही अट जास्त खरी वाटते. गोरेगावच्या आमच्या ऑफिसात कोड लिहिणारा वेगळा, टेस्टर वेगळा. रिलीजची तारीख मात्र दोघांची एकच. टेस्टर 'थांबा' म्हणेल का, हे त्याच्या हुशारीपेक्षा, म्हटल्यावर त्याचं काय होईल यावर ठरतं.

संबंध तोडणं सोपं आहे. 'नापास' लिहूनही तपासणाऱ्याचं उद्याचं काम शाबूत ठेवणं अवघड. खोट्या सहीचा भुर्दंड ज्याला बसणार, तो त्या खोलीत नसतो. तपासणारा त्याच्या वतीने बसलेला असतो. बिल मात्र समोरचा भरतो.